वाचकांचे प्रश्न : विस्कॉन्सिनमधील शिकारीच्या हंगामाविषयी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात पक्षी आणि हरणे यांच्या शिकारीचा हंगाम जानेवारीच्या सुरुवातीला संपला. मागील अंकात मी या विषयावर एक छोटे टिपण लिहिले होते. मॅडिसन शहराजवळ राहणारा एक मराठी माणूस, म्हणजे मी स्वतः, रीतसर परवाना काढून आणि शेतमालकाची परवानगी घेऊन दरवर्षी हरीण व रानपक्षी मारतो आणि ते घरी शिजवून खातो, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर आलेल्या पत्रांत कुतूहल आहे, संताप आहे आणि काही अगदी व्यवहारातल्या अडचणीही आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : हंगाम म्हणजे नेमके काय? तो हिवाळ्याच्या तोंडावरच का असतो? आणि सरलेला हंगाम आपल्याला कसा गेला? (नाशिक)

हंगाम म्हणजे राज्य सरकारने नियमाने आखून दिलेला काळ होय, आणि तो प्रत्येक प्राण्यासाठी व प्रत्येक हत्यारासाठी निराळा असतो. धनुष्यबाणाने हरीण मारण्याची मुभा सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत असते. बंदुकीचा मुख्य हंगाम मात्र केवळ ९ दिवसांचा असतो. तो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी उजाडताना सुरू होतो आणि सणानंतरच्या रविवारी संपतो. या ९ दिवसांत पाच लाखांहून अधिक माणसे रानात उतरतात. कमरेवरचे निम्मे तरी कपडे भडक नारिंगी किंवा, २०१६ पासून चालत असलेले, भडक गुलाबी असावे लागतात, म्हणजे झाडीतून हलणारा माणूस दुसऱ्याला चटकन ओळखू येतो. हरणाला नारिंगी आणि हिरवा यांतला फरक फारसा कळत नाही, त्यामुळे या सक्तीने शिकाऱ्याचे काही बिघडत नाही.

हा काळ निवडण्यामागे निसर्गाचे गणित आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची पाडसे मे-जूनमध्ये जन्मतात आणि नोव्हेंबरपर्यंत ती आईच्या दुधावाचून जगण्याइतकी मोठी झालेली असतात. याच महिन्यात नर माजावर येतात, एरवीचा सावधपणा विसरून दिवसाढवळ्या माद्यांच्या मागे हिंडतात आणि म्हणून दिसतात. ओक वृक्षांची फळे खाऊन जनावरांच्या अंगावर चरबी चढलेली असते. शिवाय थंडी इतकी असते की मारलेले जनावर रात्रभर टांगून ठेवले तरी मांस खराब होत नाही.

मला हा हंगाम चांगला गेला. उत्तरेकडच्या जंगलात ग्राउज पक्षी अपेक्षेपेक्षा कमी दिसले, पण ऑक्टोबरमधील उत्तरेच्या वाऱ्याबरोबर वुडकॉक हे पक्षी चांगल्या संख्येने खाली उतरले. पाने उशिरा गळाल्यामुळे सुरुवातीचे दिवस नुसते आवाज ऐकण्यात गेले. हरणांपैकी एक मादी मिळाली, नर मिळाला नाही. खरे तर एक सुरेख नर माझ्या मचाणासमोर बराच वेळ उभा होता. परंतु तो टेकडीच्या माथ्यावर होता आणि त्याच्या पाठीमागे आभाळाखेरीज काहीही नव्हते. रायफलची गोळी हरणातून आरपार जाऊ शकते आणि पुढे काही किलोमीटरही जाऊ शकते. तिला अडवणारी माती मागे दिसत नसेल, तर चाप ओढायचा नसतो. त्या टेकडीपलीकडे एका दूध व्यावसायिकाचा गोठा आहे. नर माथा ओलांडून गेला, मी बंदूक खाली घेतली, आणि सरलेल्या हंगामातील माझा हा निर्णय मला सर्वांत पटलेला आहे.

प्रश्न : गोळी लागूनही जे जनावर पळून जाते त्याचे काय होते? हा विचार मनात आल्यावर शिकारीत समाधान कसे वाटू शकते? (सोलापूर)

आलेल्या सर्व पत्रांत मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिकारीची वर्णने बहुधा बार उडतो तेथे संपतात. माझ्या मते शिकाऱ्याचा कस लागतो तो बार उडाल्यानंतर.

नेम कोठे धरायचा हे ठरलेले असते. जनावर आडवे उभे असावे आणि गोळी पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या निम्म्या भागात बसावी, म्हणजे ती फुप्फुसांतून किंवा हृदयातून जाते. इतकी अचूक गोळी बसली तरी हरीण बहुतेकदा जागच्या जागी कोसळत नाही. ते शे-दीडशे पावले धावते आणि मग पडते. अशा वेळी मचाणावरून लगेच उतरून त्याच्या मागे धावणे ही सर्वांत मोठी चूक असते, कारण पाठलाग जाणवलेले जनावर अंगातील शेवटचे बळ एकवटून दूर जाते आणि मग सापडत नाही. निदान अर्धा तास हलायचे नाही. मग ज्या जागी गोळी लागली तेथे जाऊन जमीन नीट पाहायची. तेथे केस गळलेले असतात आणि रक्त असते, आणि रक्तच पुढचे सारे सांगते. लालभडक आणि फेसाळ रक्त फुप्फुसाचे. असे जनावर जवळच पडलेले असते. गडद, काळपट रक्त यकृताचे. तेथे आणखी काही तास थांबावे लागते. रक्तात हिरवट चोथा मिसळलेला असेल आणि आंबूस वास येत असेल, तर गोळी पोटात बसली आहे. ही सर्वांत वाईट जखम होय. अशा हरणाला सहा-आठ तास किंवा पूर्ण रात्र शांत पडू द्यावे लागते, आणि तेवढा वेळ जागणाऱ्या माणसाच्या मनावर काय ताण असतो तो ज्याचा त्यालाच ठाऊक.

यंदाच्या मादीचा माग मला अजून जसाच्या तसा आठवतो. ओकच्या वाळक्या पानांवर रक्ताचे थेंब सहज दिसत नाहीत, कारण त्या पानांवर मुळातच तांबूस डाग असतात. म्हणून मी प्रत्येक संशयास्पद डागाला बोट लावून पाहत होतो आणि जेथे बोट ओले होई तेथे झुडपाला नारिंगी फितीचा तुकडा बांधत होतो. मागे वळून पाहिले की त्या फितींच्या रांगेवरून हरणाने कोणती वाट धरली याचा अंदाज येत असे. ओढ्याच्या काठी, सिडारच्या झुडपाखाली ती पडलेली होती. मागच्या बाजूने जाऊन लांब काठीने डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. मग पोट फाडून आतडी काढणे, शव ओढत रस्त्यापर्यंत आणणे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ वाजण्यापूर्वी सरकारकडे त्याची नोंद करणे, ही कामे आली. ही नोंद कायद्याने बंधनकारक आहे, आणि पुढल्या वर्षी कोणत्या परगण्यात किती माद्या मारू द्यायच्या याचा विचार या नोंदींच्या आधारे होतो.

माग हरवला तर पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने शोध घेण्यास येथे परवानगी आहे, आणि असे कुत्रे बाळगणारी माणसे रात्री-अपरात्री हाक आली तरी येतात. तरीही काही जनावरे सापडत नाहीत, हे मी लपवणार नाही. म्हणून लांबचा, धावत्या जनावरावरचा किंवा अंधूक उजेडातला बार मी टाकत नाही. समाधानाविषयी विचाराल तर ते वाटते, आणि त्याच वेळी वाईटही वाटते. मरून पडलेल्या मादीच्या मानेवर हात ठेवला की या दोन भावना वेगळ्या करता येत नाहीत. ज्या दिवशी वाईट वाटणे थांबेल त्या दिवशी परवाना परत करावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या कोकणात पूर्वी फासे लावून लाव्हे आणि तितर पकडत असत. तिकडे कोणते पक्षी मारतात, आणि ही शिकार हरणाच्या शिकारीहून कशी वेगळी असते? (रत्नागिरी, शिक्षिका)

आरंभीच स्पष्ट करतो की लाव्हे, तितर किंवा अन्य रानपक्षी पकडणे हा आज भारतात गुन्हा आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांनाही हे अवश्य सांगावे.

हरणाची शिकार म्हणजे स्थिर बसणे. पक्ष्यांची शिकार म्हणजे चालणे, तेही बहुधा कुत्र्यामागून. उत्तर विस्कॉन्सिनमध्ये पार्क फॉल्स नावाचे लहान गाव स्वतःला ग्राउज पक्ष्याची जागतिक राजधानी म्हणवते. ग्राउज हा तितराच्याच कुळातला, कोंबडीहून लहान, तपकिरी पक्षी असून हिवाळ्यात त्याच्या पायांच्या बोटांना कडेने दातेरी झालर फुटते, त्यामुळे तो भुसभुशीत बर्फावरून न रुतता चालू शकतो. त्याची संख्या साधारण दहा वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते, आणि जुने शिकारी आपल्या आयुष्यातील घटना या चक्राच्या संदर्भाने सांगतात. त्याला जुने, उंच, सावलीचे जंगल आवडत नाही. तोड झाल्यानंतर उगवलेली कोवळ्या अ‍ॅस्पनची दाट राने त्याला हवी असतात.

याच रानात वुडकॉक भेटतो. आपल्याकडील पाणलाव्याचा हा नातेवाईक. मला सर्व पक्ष्यांत तो सर्वांत विलक्षण वाटतो. त्याचे डोळे डोक्यावर इतके मागे सरकलेले असतात की लांब चोच ओल्या मातीत खुपसून गांडूळ शोधत असतानाही त्याला पाठीमागचे दिसते. आणि चोचीचे टोक असे लवचीक असते की बाकीची चोच मिटलेली ठेवून केवळ टोक उघडून तो मातीतल्या मातीत गांडूळ पकडू शकतो. कुत्रा धावता धावता एकाएकी थबकतो, एक पाय उचललेला तसाच राहतो, शेपटी ताठ होते. त्याच्या नाकासमोर हातभर अंतरावर पक्षी बसलेला असतो, परंतु वाळक्या पानांत तो माझ्या डोळ्यांना क्वचितच दिसतो. आपण दोन पावले पुढे टाकली की तो पंखांची शीळ घालत सरळ वर उठतो. ही शीळ पंखाच्या कडेच्या तीन अरुंद पिसांमुळे उमटते. दिवसाला तीनच वुडकॉक मारता येतात.

बदकांच्या शिकारीत ओळख फार महत्त्वाची असते. दिवसाची मर्यादा ६ बदकांची असली, तरी त्यांत मॅलार्ड जातीची ४ आणि त्यांतही माद्या २ पेक्षा जास्त चालत नाहीत. पहाटेच्या करड्या उजेडात वेगाने जाणारे बदक नर आहे की मादी हे ओळखता येत नसेल, तर बार टाकायचा नाही. १९९१ पासून बदकांसाठी शिशाचे छर्रे साऱ्या देशात बंद आहेत, कारण तळाशी पडलेले छर्रे खडे समजून बदके गिळत आणि विषबाधेने मरत. मारलेल्या पक्ष्याच्या पायात कधीकधी ॲल्युमिनियमचे वाळे सापडते; त्यावरचा क्रमांक कळवला की तो पक्षी कोठे आणि कधी पकडून सोडला होता याचे उत्तर येते. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनेही असेच वाळी घालण्याचे मोठे काम केले आहे. आपल्या विद्यार्थ्यांना हा भाग नक्की आवडेल.

प्रश्न : मी वाघांच्या जिल्ह्यात राहतो. प्राणी मारून त्यांचे संरक्षण होते हा युक्तिवाद मला दांभिक वाटतो. आपले काय म्हणणे आहे? (चंद्रपूर)

आपला संशय रास्त आहे, कारण अमेरिकेतील वन्यजीवांची दाणादाण प्रथम बंदुकीनेच उडवली. १८७१ मध्ये याच विस्कॉन्सिनमध्ये प्रवासी कबुतरांची अफाट वसाहत भरली होती आणि व्यापारी शिकाऱ्यांनी तेथून पिपेच्या पिपे भरून पक्षी रेल्वेने शहरांच्या बाजारात पाठवले. या जातीचे अखेरचे कबूतर, मार्था नावाची मादी, १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. हरणांचीही अवस्था बिकट होती. १९२५ ते १९३५ या काळात राज्यात एक वर्षाआड हंगामच बंद ठेवावा लागला.

यातून जो धडा घेतला गेला त्याचा गाभा असा की रानातल्या जनावराचे मांस बाजारात विकता कामा नये. बेकायदा मारलेल्या प्राण्यांची राज्याबाहेर ने-आण १९०० च्या कायद्याने गुन्हा ठरली, आणि १९१८ च्या कायद्याने स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण मिळाले. पुढे पैशाची सोय झाली. १९३४ पासून बदकांच्या प्रत्येक प्रौढ शिकाऱ्याला टपाल तिकिटासारखे एक सरकारी तिकीट (डक स्टॅम्प) विकत घ्यावे लागते. आज त्याची किंमत २५ डॉलर आहे आणि ही जवळजवळ सगळी रक्कम पाणथळ जमिनी मिळवून त्या राखण्यासाठी जाते. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. रायफल आणि काडतुसांवर तो ११ टक्के आहे. रानटी टर्की या राज्यातून पूर्ण नाहीशी झाली होती. १९७६ मध्ये मिझुरी राज्यातून आणलेले पक्षी व्हर्नन परगण्यात सोडले गेले आणि आज तो पक्षी मला घराजवळच्या रस्त्यावरही दिसतो. हरणांची संख्या तर आता पंधरा लाखांच्या वर आहे. दक्षिणेकडे त्यांना खाणारा लांडगा जवळपास नाही, आणि हरणे जेथे फार वाढतात तेथे ओकचे कोवळे रोप गुडघ्याच्या वर जाऊ शकत नाही. येथे माद्या मारणे आवश्यक आहे, असे मी अभ्यासाने आणि डोळ्यांनी पाहून म्हणतो.

मात्र शिकार म्हणजे संरक्षण असे सरसकट समीकरण मला मान्य नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये येथे लांडग्यांचा हंगाम घाईने उघडला. परवानाधारकांसाठी मर्यादा ११९ लांडग्यांची होती. तीन दिवस पुरे होण्याआधी दोनशेहून अधिक लांडगे मारले गेले, तेही माजाच्या ऐन दिवसांत. ओजिब्वे या येथील मूळनिवासी जमातींनी कराराने आपल्याला मिळालेल्या वाट्याचे लांडगे मारायचे नाहीत असे ठरवले होते. त्या आठवड्यात शिकारी म्हणवून घेण्याची मला लाज वाटली. आकडा, मर्यादा आणि तिची कडक अंमलबजावणी यांपैकी एक जरी सुटले, तरी आपण म्हणता तो दंभच उरतो.

प्रश्न : रानडुकरे आणि रोही आमचे पीक उद्ध्वस्त करतात. तेथे हंगाम ठेवता येतो, तर आपल्याकडे का नाही? (अमरावती, शेतकरी)

आपली व्यथा खरी आहे आणि तिच्यावर उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार बंदच झाली. त्याआधी परवाने होते, हंगाम होते, आणि तरीही काय झाले ते आपण जाणतो : भारतातील अखेरचे ज्ञात तीन चित्ते १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानच्या महाराजांनी मारले. कागदावर नियम होते, पण ते राबवणारी यंत्रणा नव्हती.

पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर किंवा रोही ठरावीक अटींवर, वन विभागाच्या लेखी परवानगीने मारण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि नुकसानभरपाईचीही व्यवस्था आहे. ती वेळेवर मिळावी यासाठी पंचनामा लगेच करून घ्यावा व अर्जाची पोच जपून ठेवावी. विस्कॉन्सिनमध्येही हरणांनी मका खाल्ल्याची भरपाई शेतकऱ्याला मिळते, आणि तिचा पैसा शिकाऱ्यांच्या परवाना शुल्कातून येतो. ज्याला रानाचा लाभ होतो त्याने शेतकऱ्याचा तोटा सोसावा हे तत्त्व मला न्याय्य वाटते. परंतु विस्कॉन्सिनच्या रानात वाघ नाही. विदर्भात तेच रानडुक्कर आणि तोच रोही वाघाचे भक्ष्य आहेत, त्यामुळे येथील हंगाम जसाच्या तसा तेथे नेता येणार नाही. एक कळकळीची विनंती करतो : कुंपणात चोरून वीजप्रवाह सोडू नका. त्याने वाघ मेले आहेत आणि शेजारचा शेतकरीही मेला आहे.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून विस्कॉन्सिनमध्ये असतात. शेजाऱ्याने त्यांना हरणाचे मटण दिले आहे. सुनेला दिवस गेले आहेत. ते खावे का? (पुणे)

दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत सुनेने ते खाऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

पहिला प्रश्न : त्या हरणाची क्षयकारी रोगाची (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज; हा माणसाचा क्षयरोग नव्हे) तपासणी झाली होती का? हा रोग १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम आढळला आणि विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये, मॅडिसनच्या पश्चिमेस माउंट होरेबजवळ मारलेल्या हरणांत सापडला. विकृत प्रथिनांमुळे तो होतो, मेंदूची चाळण होते आणि जनावर झिजून मरते. माणसाला तो झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित जनावराचे मांस खाऊ नये असे अमेरिकेचे आरोग्य खाते सांगते. मुख्य अडचण अशी की शिजवण्याने ही प्रथिने नष्ट होत नाहीत, मग कुकरच्या कितीही शिट्ट्या करा. लागण झालेले हरीण दीर्घकाळ धडधाकट दिसते, म्हणून डोळ्यांनी पाहून निर्णय करता येत नाही. राज्यात ही तपासणी विनामूल्य होते : हरणाचे डोके मानेच्या काही भागासह ठरलेल्या पेटीत ठेवायचे, प्रयोगशाळा घशामागच्या लसिका ग्रंथी तपासते आणि काही दिवसांनी निकाल कळवते. माझ्याकडे निकाल येईपर्यंत मटणाच्या प्रत्येक पुडक्यावर त्या जनावराचा क्रमांक लिहिलेला असतो आणि एकही पुडके उघडले जात नाही.

दुसरा प्रश्न : गोळी शिशाची होती की तांब्याची? रायफलची शिशाची गोळी अंगात शिरताच फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून वीतभर किंवा त्याहूनही दूर पसरतात. खिम्यात ते मिसळण्याचा धोका अधिक असतो. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी शिसे घातक आहे. मी म्हणूनच तांब्याच्या गोळ्या वापरतो. त्यामागे आणखीही एक कारण आहे : शिकारी रानात टाकून देतो ती आतडी गरुड खातात आणि त्यांतील शिशाने मरतात. आपल्याकडे डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे शव खाऊन गिधाडे मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद करावे लागले. हे दुःख आपल्याला परके नाही. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद आहे, आणि विस्कॉन्सिननेही तसे करावे यासाठी मी बोलत असतो.

दोन्ही उत्तरे समाधानकारक असतील तर घरातील इतरांनी निःशंकपणे खावे, आणि सुनेने डॉक्टरांना विचारून. मांस आतपर्यंत पूर्ण शिजलेले हवे. हरणाची चरबी मेणचट असते, थंड होताच टाळूला चिकटते आणि तिलाच तो उग्र वास असतो; ती आणि पांढरे पडदे नीट काढून टाकावेत. मांडीचे मांस कोरडे असते, ते थोड्या तेलावर झटपट परतावे. नळीच्या मांसाला मात्र आले-लसूण, खोबऱ्याचे वाटण आणि मंद आचेवर बराच वेळ लागतो. त्याचा रस्सा बोकडाच्या रश्श्यापेक्षा पातळ पण चवीला गोडसर होतो.

प्रश्न : मी मिलवॉकीत शिकणारा मराठी विद्यार्थी आहे. विद्यार्थी व्हिसावर मला शिकारीला जाता येईल का? (मिलवॉकी)

कायद्याने वाट आहे, पण ती जपून चालावी. स्थलांतरितेतर व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. ज्याच्याकडे कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना आहे त्याला यातून सूट मिळते. म्हणजे परवाना हातात येण्यापूर्वी मित्राची बंदूक सहज हातात घेऊन पाहणेही आपल्याला महाग पडू शकते. आपल्या विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला आणि गरज वाटल्यास वकिलाला आधी विचारा. वसतिगृहात बंदूक ठेवण्याचा विचार मनातही आणू नका.

१ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला या राज्यात परवान्यासाठी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. हे वर्ग वसंत आणि उन्हाळ्यात भरतात. स्वयंसेवक शिकवतात आणि शुल्क अगदी नाममात्र असते. बंदूक घ्यायची नसली तरी हा वर्ग अवश्य करा, कारण नोव्हेंबरात रानात फिरायला जाणाऱ्यालाही त्यातील माहिती उपयोगी पडते. वर्गाशिवाय अनुभव घ्यायचा असेल तर अनुभवी शिकाऱ्याच्या हाताच्या अंतरात राहून शिकण्याची वेगळी सोयही आहे. धनुष्यबाणापासून सुरुवात केलीत तर बंदुकीविषयीचे पुष्कळसे प्रश्न उद्भवत नाहीत. मचाणावर चढताना मात्र जमिनीवरून पाय उचलल्यापासून कमरेचा व खांद्याचा पट्टा झाडाला बांधलेला असलाच पाहिजे. हरणाच्या हंगामात गोळीइतकीच, किंबहुना अधिक, माणसे मचाणावरून पडून जायबंदी होतात. पहिल्या हंगामात एखाद्या जाणत्या शेतमालकाबरोबर नुसते बसायला जा, आणि हरीण सापडल्यावर ते सोलण्यासाठी हात द्या. त्या कामाने आपली इच्छा टिकली, तर परवान्यासाठी अर्ज करा.